अर्ध्या डोक्याचं दुखणं आणि पुऱ्या दिवसाचं काम

धारा, पाणी, भाकऱ्या आटोपून रेडिओपाशी बसलेल्या आणि बचत गटाच्या बैठकीत एकत्र ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्याजणींना नमस्कार.

आज एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहे. राजा-राण्यांच्या इतिहासात हे दुखणं सापडत नाही, पण प्रत्येक वाडीवर, प्रत्येक आळीत ते आहे. आपण त्याला अर्धशिशी म्हणतो, डॉक्टर मायग्रेन म्हणतात. डोक्याची एक बाजू ठणकायला लागते, मळमळतं, उलटी होते. उजेड नको, भांड्यांचा आवाज नको, फोडणीचा वास नको असं होतं. अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालू शकतं.

आणि बाई पडून राहिली की घरातून काय ऐकू येतं, ते तुम्हाला माहीत आहे. "काम आलं की हिचं डोकं दुखतं." "जरा ऊन लागलं की झोपली." ताप असला तर अंगाला हात लावून कळतो. हात मोडला तर प्लॅस्टर दिसतं. अर्धशिशीचं काहीच दिसत नाही. म्हणून या दुखण्याच्या इतिहासात औषधं किती आली, हे जितकं महत्त्वाचं, तितकंच दुखणारीचं म्हणणं कोणी खरं मानलं, हेही महत्त्वाचं आहे.

नाव एकच, भाषा वेगळ्या

अर्धशिशी म्हणजे अर्ध्या शिराचं, अर्ध्या डोक्याचं दुखणं. आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यातला एक 'अर्धावभेदक'. अर्धं डोकं फुटल्यासारखं, टोचल्यासारखं दुखतं, चक्कर येते, पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अचानक उठतं, असं त्याचं वर्णन आहे. 'सूर्यावर्त' नावाचा आणखी एक प्रकार आहे. सूर्य वर चढतो तसं दुखणं चढतं आणि दिवस उतरतो तसं उतरतं. चैत्र-वैशाखात रानात काम करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तिकडे ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या वैद्यांनीही हेच पाहिलं होतं. अॅरेटियस नावाच्या वैद्याने सुमारे १,८०० ते १,९०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की हे रोगी उजेडापासून पळतात, अंधारात त्यांना बरं वाटतं आणि दुखण्यापायी त्यांना जगणं नकोसं होतं. त्यानंतरचा मोठा वैद्य गॅलेन. त्याने या दुखण्याला 'हेमिक्रेनिया' म्हटलं. 'हेमि' म्हणजे अर्धं आणि 'क्रेनिया' म्हणजे कवटी. हाच शब्द तोंडातोंडी झिजत फ्रेंच भाषेत 'मायग्रेन' झाला. म्हणजे डॉक्टरांचा शब्द आणि आपल्या आजीचा शब्द, दोन्हींचा अर्थ एकच निघाला.

तेव्हा अर्धशिशी हे शहरातलं नवं फॅड आहे, मोबाइल आल्यापासूनचं दुखणं आहे, असं कोणी म्हणालं तर सांगा, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनीही ते लिहून ठेवलंय.

लेप, तूप, मासा आणि डागणी

दुखणं जुनं तसे उपायही जुने. आपल्याकडे कपाळावर सुंठीचा लेप देतात, डोक्याला फडकं घट्ट आवळतात, नाकात तुपाचे थेंब सोडतात. यातल्या काही उपायांनी थोडा वेळ बरं वाटतं आणि नुकसान होत नाही. गार पाण्याची पट्टी, अंधार, शांतता आणि झोप यांना तर आजचे डॉक्टरही हो म्हणतात.

पण काही उपाय ऐकून अंगावर काटा येतो. रोममध्ये सुमारे २,००० वर्षांपूर्वी स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्याने डोकेदुखीवर जिवंत मासा कपाळाला लावायला सांगितला होता. समुद्रातला हा मासा विजेसारखा झटका देतो. त्या झटक्याने कपाळ बधिर होईपर्यंत तो धरून ठेवायचा. पुढे सुमारे १,००० वर्षांपूर्वी, आज ज्याला स्पेन म्हणतात त्या भागात अल-जहरावी नावाचे नामांकित शल्यवैद्य होते. त्यांच्या ग्रंथात कानशिलावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा उपाय आहे. दुसरा उपाय म्हणजे कानशिलाला छेद घेऊन कातडीखाली लसणाची पाकळी ठेवायची.

डागण्या आपल्याकडेही दिल्या जात, काही ठिकाणी अजून देतात. कोणी देऊ केली तर स्पष्ट नाही म्हणा. चटक्याने जखम होते, ती पिकते आणि अर्धशिशी आहे तिथेच राहते.

नाजूक बाईचं दुखणं, असा शिक्का

युरोपात १८०० नंतरच्या काळात एक नवं वळण आलं. डॉक्टर मंडळी बायकांच्या कुठल्याही दुखण्याला 'नसा कमजोर', 'मन नाजूक' असं म्हणू लागली. डोकेदुखीही त्यात गेली. तरी त्याच काळात नीट पाहणारे लोकही होते. १८७३ साली एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टरांनी अर्धशिशीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांनी याला मज्जातंतूंमधलं वादळ म्हटलं. वादळ जमतं, फुटतं आणि ओसरतं, तसा हा झटका येतो आणि जातो. दुखणं स्वभावात नाही, शरीरात आहे, हा त्या म्हणण्याचा अर्थ.

त्याच्या तीन वर्षं आधी, १८७० साली, एका बाईनेही अर्धशिशीवर प्रबंध लिहिला होता. तिचं नाव एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. इंग्लंडमध्ये बायकांना डॉक्टरकीच्या कॉलेजात घेत नव्हते. तिने दारं ठोठावली, खाजगी शिक्षण घेतलं आणि शेवटी पॅरिसच्या विद्यापीठातून डॉक्टरची पदवी मिळवली. त्या पदवीसाठी तिने निवडलेला विषय होता मायग्रेन.

या एलिझाबेथबाईंचा आपल्या महाराष्ट्राशीही धागा आहे. पुढे त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेच्या प्रमुख झाल्या. त्याच शाळेत मुंबईच्या रखमाबाई शिकल्या. लहानपणी लावून दिलेलं लग्न आपल्याला मान्य नाही, असं कोर्टात सांगणाऱ्या याच त्या रखमाबाई. १८८९ साली त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी कित्येक वर्षं काम केलं. बाईचं दुखणं ऐकायला बाई डॉक्टर समोर बसणं, ही इतिहासातली लहान गोष्ट नाही.

दाईच्या हातातला काळा दाणा

आता या कथेतला सगळ्यात नवलाचा भाग. तो आपल्या शेताशी जोडलेला आहे.

बाजरीला अरगट रोग पडतो, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक असेल. कणसातून मधासारखा चिकट रस येतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. ती बुरशी असते. १९५० च्या दशकात जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना विषबाधा झाल्याची नोंद आहे. म्हणूनच पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायला सांगतात. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालायचं. वर तरंगणारं हलकं बी आणि बुरशीच्या गाठी काढून जाळायच्या. तळाशी बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं.

या अरगटाचं चुलत भावंड युरोपात राय नावाच्या धान्यावर येतं. तिथे जुन्या काळी अशा धान्याच्या भाकरीने गावंच्या गावं आजारी पडत. हातापायांची आग होई, बोटं काळी पडून झडत. पण तिथल्या सुइणींना आणखी एक गोष्ट कळली होती. या काळ्या दाण्याने गर्भाशय आवळतं. कळा मंदावल्या की त्या तो मोजून देत. जर्मन भाषेत या दाण्याचं नावच 'आईचं धान्य' असं आहे. माप चुकलं की आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतायचं.

१९१८ साली स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टोल या रसायनशास्त्रज्ञाने या दाण्यातून 'अर्गोटामिन' नावाचं द्रव्य वेगळं काढलं. ते रक्तवाहिन्या आवळतं. १९२५ च्या सुमारास ते अर्धशिशीच्या रोग्यांना देऊन पाहिलं, आणि ठणका थांबला. अर्धशिशीवर खास लागू पडणारं नव्या वैद्यकातलं हे पहिलं मोठं औषध. बाळंतपणानंतर अंगावरून फार जाऊ नये म्हणून जे इंजेक्शन देतात, त्यातलं एक याच कुळातलं आहे. सुइणींनी ओळखलेल्या दाण्यातून दोन औषधं निघाली, आणि दोन्ही बायकांच्या कामी आली.

पण विष ते विषच. अर्गोटामिन असलेल्या गोळ्या आजही मेडिकलच्या दुकानात मिळतात. गरोदर बाईने, बाळाला पाजणाऱ्या बाईने, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्या बाईने त्या घेऊ नयेत. इतरांनीही डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात. शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्या पुडीतली गोळी आपण घ्यायची नाही.

दोष बाईचा, हेही ऐकावं लागलं

औषध आलं, पण शिक्का पुसला नाही. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर हॅरॉल्ड वुल्फ यांनी अर्धशिशीवर मोठं संशोधन केलं. १९३८ साली त्यांनी आणि जॉन ग्रॅहम यांनी दाखवलं की अर्गोटामिनने कानशिलाच्या रक्तवाहिनीचा ठोका मंदावतो आणि त्याबरोबर दुखणंही कमी होतं. पण याच वुल्फसाहेबांनी असंही मांडलं की अर्धशिशी होणाऱ्या माणसांचा स्वभावच तसा असतो, हट्टी, सगळं चोख हवं असणारा. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं डॉक्टरकडे गेलेल्या बाईला औषधाबरोबर 'जरा स्वभाव बदला' हा सल्लाही मिळत राहिला.

नंतरच्या संशोधनाने चित्र बदललं. १९६६ साली छातीच्या दुखण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या रोग्यांत असं दिसलं की त्यांची अर्धशिशीही कमी झाली. आज हे स्वस्त औषध झटके येऊ नयेत म्हणून रोज देतात. दमा असलेल्यांना मात्र ते चालत नाही. १९९१ च्या सुमारास सुमाट्रिप्टान आलं. ते खास अर्धशिशीसाठीच तयार केलं होतं. हृदयविकार असेल तर तेही घेत नाहीत. त्याच सुमारास शास्त्रज्ञांनी दाखवलं की झटका आला की डोक्याला आणि चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूंमधून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि ते रक्तात वाढलेलं सापडतं. ते द्रव्य अडवणारं पहिलं इंजेक्शन २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं. अजून ते महाग आहे. या शोधासाठी २०२१ साली चार शास्त्रज्ञांना ब्रेन प्राइझ हा मोठा पुरस्कार मिळाला.

आपल्यासाठी यातला अर्थ असा. झटक्याच्या वेळी शरीरात काय होतं, ते आता रक्तात मोजून दाखवलंय. 'नाटक' म्हणायला जागा उरलेली नाही. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंतच्या वयात बायकांना अर्धशिशी पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होते. पाळीच्या आधी शरीरातलं एक संप्रेरक एकदम उतरतं, त्या दिवसांत झटका येण्याची शक्यता जास्त असते.

घरकामही मोजलं गेलं

१९९९ च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर स्ट्युअर्ट आणि रिचर्ड लिप्टन यांनी पाच प्रश्नांचा एक साधा कागद तयार केला. त्याला मायडास म्हणतात. दुखणं किती, यापेक्षा दुखण्याने दिवस किती गेले, हे तो विचारतो. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे,

एक, कामावर किंवा शाळेत किती दिवस जाता आलं नाही?
दोन, गेलात, पण काम निम्म्याहून कमी झालं, असे किती दिवस?
तीन, घरकाम अजिबात करता आलं नाही, असे किती दिवस?
चार, घरकाम निम्म्याहून कमी झालं, असे किती दिवस?
पाच, घरच्या कार्याला, सणाला, भेटीगाठींना किती दिवस मुकलात?

पाचही उत्तरांची बेरीज करायची. पाचपर्यंत आली तर त्रास थोडा. २१ किंवा जास्त आली तर त्रास मोठा समजतात आणि उपचार नीट ठरवायला हवेत.

बघा, पाचातले दोन प्रश्न घरकामाचे आहेत. स्वयंपाक, पाणी, धुणंभांडी, लेकरं, म्हातारी माणसं, याला हजेरीपट नसतो, म्हणून ते बुडलं तरी कोणी लिहीत नाही. या कागदाने घरात बुडालेला दिवस आणि मजुरीचा बुडालेला दिवस एकाच ओळीत धरला. असे दिवस मोजल्यावर काय दिसलं? जगात माणसाला निकामी करणाऱ्या आजारांत मायग्रेनचा नंबर दुसरा लागला, आणि तरुण बायकांमध्ये पहिला. शेजारच्या कर्नाटकात बंगळूरच्या आसपासच्या शहरी आणि ग्रामीण भागात पाहणी झाली, ती २०१५ साली छापून आली. मोठ्या वयाच्या दर चार माणसांमागे एकाला वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेला होता. बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त.

उठून कामाला लागण्याआधी

आता हा इतिहास आपल्या वहीत उतरवू या. शाळेच्या मुलांची अर्धी कोरी वही चालेल. दुखलं की तारीख लिहा. पाळी कधी होती, उपास होता का, झोप मोडली का, उन्हात किती वेळ होता, चुलीचा धूर होता का, कुठली गोळी घेतली, काम किती तास बुडालं. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर लेकीकडून खूण करून घ्या. दोन-तीन महिन्यांत तुमच्या झटक्याची चाल तुम्हालाच कळेल. दवाखान्यात हे पान पुढे ठेवलं की दोन मिनिटांच्या तपासणीतही डॉक्टरला पुष्कळ समजतं.

झटका बऱ्याचदा आधी सांगावा धाडतो. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. काहींना डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखणं सुरू होताच घ्या. 'एवढ्या भाकऱ्या थापून मग घेते' म्हणत थांबलं की उलटी सुरू होते आणि गोळी लागू पडत नाही.

दुखणं थांबलं म्हणजे झटका संपला, असंही नाही. पुढचा एखादा दिवस अंग गळून गेल्यासारखं, डोकं जड, बधिर वाटतं. तोही आजाराचाच भाग आहे. त्या दिवशी हलकं काम आधी घ्या, पाणी प्या, वेळेवर चार घास खा, खुरपणीचं ऊन टाळता आलं तर टाळा. बुडालेलं सगळं काम एका दिवसात भरून काढायला गेलं की पुन्हा खाट धरावी लागते.

गोळ्यांचीही मोजणी ठेवा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि अर्गोटामिन, ट्रिप्टान किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस किंवा जास्त घेत राहिलं, तर त्या गोळ्यांनीच डोकं रोज दुखायला लागतं. महिन्यात चार-पाच झटके येत असतील तर येऊ नयेत म्हणून द्यायची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरला विचारा.

आणखी एक गोष्ट, नीट ऐका. दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येत असतील, किंवा हात, तोंड बधिर होत असेल, तर माला-डीसारखी संप्रेरकांची एकत्र गोळी तुमच्यासाठी नाही. तिने लकव्याचा धोका वाढतो. आशाताईंना हे सांगा. संप्रेरक नसलेली छाया गोळी किंवा तांबी, असे दुसरे मार्ग सरकारी दवाखान्यात आहेत.

आणि हे अर्धशिशी समजून घरी थांबायचं नाही: कधी नव्हे असं अचानक भयंकर दुखणं, ताप येऊन मान ताठ होणं, तोंड वाकडं होणं किंवा हातपाय लुळा पडणं, झटके किंवा आकडी, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर डोकं दुखून नजर धूसर होणं. १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

शेवटचं काम गटाचं. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की ते पाच प्रश्न एकमेकींना विचारा आणि बेरीज मांडा. ज्या मैत्रिणीचा आकडा मोठा येईल तिला एकटीने दवाखान्यात पाठवू नका, एकजण सोबत जा. तिच्या झटक्याच्या दिवशी पाण्याचे दोन हंडे कोण आणेल, लेकरांना जेवायला कोण घालेल, हेही बैठकीतच ठरवा. आणि घरी सासूबाई असोत की कारभारी, त्यांना वहीतलं पान वाचून दाखवा.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.